घटना बदलायची की नाही?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही काही विद्वान नाही. शाळा दहावीपर्यंत, आणि पुढचे शिक्षण गिरणीत. रातपाळीला जेवणाच्या सुट्टीत दिव्याखाली बसून जे वाचले तेवढेच आमचे भांडवल. तेव्हा चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा : 'देशाची घटना काळाप्रमाणे बदलली पाहिजे काय?' विषय ऐकून दोन तरुण पोरे आमच्या खोलीवर आली. म्हणाली, "काका, यात बोलायचं काय? एक अक्षरसुद्धा बदलू द्यायचं नाही, एवढं सांगायचं आणि खाली बसायचं." टाळ्या पडल्या असत्या, हे खरे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'घटना बदलणार' हा शब्द वस्तीवस्तीत गेला, म्हाताऱ्या बायांची झोप उडाली. ती भीती उगीचची नाही. ज्याच्या घरात एकच कंदील असतो, तो वारा सुटला की पहिला हात कंदिलाला लावतो. पण बांधवांनो, टाळ्या घेऊन खाली बसणे म्हणजे बाबासाहेबांशी बेइमानी झाली असती. कारण 'एक अक्षरही बदलू नका' असे बाबासाहेब कधी म्हणालेच नाहीत!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांचे शेवटचे मोठे भाषण झाले. त्यात त्यांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिला, की प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्रच समजावे, आणि मागच्या पिढीला पुढच्या पिढीचे हातपाय बांधून ठेवण्याचा हक्क नाही. या घटनेवर आम्ही 'अखेरची' असा शिक्का मारलेला नाही, ही गोष्ट त्यांनी अभिमानाने सांगितली. आणि बदल कसा करायचा त्याची वाट कलम ३६८ मध्ये घालून दिली. साधा कायदा साध्या बहुमताने होतो. घटनेतील महत्त्वाची कलमे बदलायची तर दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचे बहुमत पाहिजे, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश पाहिजेत. आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता पाहिजे. म्हणजे दार आहे, पण त्याला तीन कड्या आहेत. दार नसलेली भिंत बाबासाहेबांनी बांधली नाही, आणि कडी नसलेले दारही बसवले नाही.

जो कायदा कधी बदलतच नाही त्याला काय म्हणतात, ते आपल्या आजा-पणजाला विचारा. त्याला शास्त्र म्हणतात! 'हे सनातन आहे, यात माणसाने हात घालायचा नाही,' असे सांगूनच दोन हजार वर्षे आपल्याला गावाबाहेर ठेवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली ती कशासाठी? माणसाने केलेला कायदा माणसाला बदलता आला पाहिजे, यासाठीच ना? मग आपणच आपल्या घटनेला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवणार काय?

आता हिशेब बघू. २०२३ पर्यंत घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या कित्येक आपल्याच उपयोगी पडल्या, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

पहिली दुरुस्ती १९५१ ची. मद्रास सरकारने कॉलेजातील जागा जातवार वाटून दिल्या होत्या. चंपकम दोराईराजन हा खटला झाला आणि एप्रिल १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द ठरवला. मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षणात जागा राखणेच अडचणीत आले. जूनमध्ये घटना दुरुस्त झाली आणि कलम १५ मध्ये चौथे पोटकलम आले. आज आपली पोरे मेडिकलला, इंजिनीअरिंगला राखीव जागेवर जातात ती या पोटकलमाच्या आधाराने. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते, आणि कायदामंत्री कोण होते? खुद्द बाबासाहेब! त्यांनीच लोकसभेच्या आधीच्या त्या हंगामी संसदेत दुरुस्तीची बाजू मांडली. त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर जादा बंधनेही घातली, हेही लपवून चालणार नाही. एकाच पुडीत औषध आणि अपथ्य दोन्ही येऊ शकते, म्हणून पुडी उघडून बघावी लागते.

दुसरे उदाहरण राखीव मतदारसंघांचे. आपल्याला पुष्कळदा ऐकवले जाते, 'आरक्षण दहाच वर्षांसाठी होते.' बरं का, नीट ऐका. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा-विधानसभेतील राखीव जागांना, कलम ३३४ मध्ये. नोकरी आणि शिक्षणातल्या राखीव जागांना घटनेत अशी मुदत नाही. आणि त्या राजकीय जागांची मुदत दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करूनच वाढवत आणली आहे. एक अक्षर बदलायचे नाही म्हटले असते, तर १९६० सालीच दिल्लीतला आणि राज्याराज्यांतला राखीव आमदार-खासदार संपला असता.

आणखी सांगतो. मतदानाचे वय एकवीसचे अठरा झाले ते ६१ व्या दुरुस्तीने. ग्रामपंचायत, नगरपालिकेत आपल्या बायाबापड्या खुर्चीवर बसल्या त्या १९९२ च्या ७३ आणि ७४ व्या दुरुस्तीने. सरकारी नोकरीतल्या बढतीत राखीव जागा टिकल्या त्या १९९५ च्या ७७ व्या दुरुस्तीने. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराचे शिक्षण हा हक्क झाला तो २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने. हे सगळे 'घटना बदलणे'च होते!

एक आमच्या अंगावर आलेली गोष्ट सांगतो. ती घटनेच्या कलमाची नाही, कलम ३४१ खाली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाची आहे. १९५० च्या त्या आदेशात लिहिले होते की हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीत धरायचा नाही. पुढे १९५६ साली कायदा करून त्यात शीख बांधव घेतले गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आपण बौद्ध झालो, आणि केंद्र सरकारच्या दफ्तरी आपली सवलत गेली. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, दिल्लीने नाही.

१९८८ साली आम्ही वीस वर्षांचे होतो. केंद्र सरकारच्या एका नोकरीसाठी अर्ज केला. खिडकीवरच्या साहेबांनी दाखला बघितला, आम्हाला बाजूला घेतले आणि म्हणाले, "पोरा, बौद्ध कशाला लिहितोस? जुनी जात लिही, काम होईल." माणूस वाईट नव्हता, आमच्या भल्याचेच सांगत होता. घरी येऊन वडिलांना सांगितले. वडील गिरणीत रिंग खात्यात, ८२ च्या संपाने कंबरडे मोडलेले, घरात खाणारी सात तोंडे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर होतो. तुला काय लिहायचं ते तू लिही." आम्ही 'बौद्ध' लिहिले. नोकरी गेली. आम्ही गिरणीत बदलीवर लागलो, रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, नाव पुकारले तर काम.

पुढे १९९० साली संसदेने कायदा करून त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. एक शब्द! आमच्यासाठी उशीर झाला होता, संसार मागे लागला होता. पण आमचा धाकटा भाऊ 'बौद्ध' लिहूनच केंद्राच्या नोकरीला लागला. एकाच आईची दोन लेकरे. एकाचे आयुष्य न बदललेल्या कागदाने ठरले, दुसऱ्याचे बदललेल्या कागदाने. आता सांगा, 'एक अक्षरही बदलू नका' हे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

तर मग बदल म्हटला की चांगलाच काय? नाही बांधवांनो! आता दुसरी बाजू ऐका.

१९७६ साली आणीबाणीत ४२ वी दुरुस्ती झाली. विरोधी पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. त्या एका दुरुस्तीने पन्नासच्या वर कलमांना हात लावला. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. आणि वर असेही लिहून ठेवले की घटनादुरुस्तीविरुद्ध कोणत्याही कोर्टात जाता येणार नाही. म्हणजे दार आतून लावायचे आणि किल्ली विहिरीत टाकायची! पुढे सरकार बदलले, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यातले बरेच परत फिरवले. आणीबाणीतसुद्धा माणसाचा जगण्याचा हक्क तहकूब करता येणार नाही, हे तेव्हा घटनेत आले.

आणि किल्ली विहिरीतून कोणी काढली ठाऊक आहे? एका गिरणीने! बंगलोरची मिनर्व्हा मिल. सरकारने ती ताब्यात घेतली म्हणून मालक कोर्टात गेले होते. भांडण मालकीचे, त्यात कामगाराचे काही नव्हते. पण १९८० साली सुप्रीम कोर्टाने त्या खटल्यात सांगितले की घटना बदलण्याचा अधिकार घटनेनेच दिलेला आहे आणि तो मर्यादित आहे; त्या मर्यादित अधिकाराचा उपयोग करून संसदेला स्वतःचा अधिकार अमर्याद करून घेता येणार नाही. त्याच्या आधी २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती बसले होते आणि सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरले होते की संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. एका मताचे अंतर! आपल्या डोक्यावरचे छप्पर त्या एका मतावर उभे आहे.

मूळ ढाचा म्हणजे काय, हे आम्हा गिरणीवाल्यांना लवकर समजते. साच्याचा धोटा झिजतो, तो बदलावाच लागतो. पट्टा तुटतो, नवा घालतात. नवा माल काढायचा तर जोडणीही बदलतात. पण साच्याचा सांगाडाच कोणी कापायला घेतला तर तो दुरुस्ती करत नाही, तो भंगार विकायला निघालेला आहे! समता, स्वातंत्र्य, बंधुता, धर्मनिरपेक्ष राज्य, न्यायालयाचा अधिकार आणि लोकांचे मत हा सांगाडा आहे.

आता आपल्या घरात येऊ. कारण दुसऱ्याच्या घरातले सांगणे सोपे असते.

या विहाराच्या मंडळाची नियमावली आमच्या वडिलांच्या पिढीने लिहिली. त्यात एक कलम होते : 'दर खोलीमागे एक कर्ता पुरुष सभासद राहील.' तेव्हा कोणाला खटकले नाही. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका आक्कांचे मालक वारले. मुलगा पोटासाठी परगावी. ही माउली रोज पहाटे विहार झाडते, वर्षावासात भन्तेंच्या भोजनदानाची यादी तीच ठेवते, आणि सर्वसाधारण सभेत तिने विहाराच्या पत्र्याबद्दल हात वर केला तर आम्ही, होय, चिटणीस म्हणून आम्ही स्वतः, म्हणालो, "आक्का, तुमच्या खोलीचं मत राहिलेलं नाही." ती माउली खाली बसली. काही बोलली नाही.

आमची पुतणी मागे उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "काका, दिल्लीची घटना बदलू देणार नाही म्हणून तुम्ही मोर्चात जाता. आणि आपली घटना बदलली पाहिजे, तर ती पण बदलू देत नाही. मग तुम्हाला बाबासाहेबांची घटना आवडते, का नुसतं न बदलणं आवडतं?"

आम्हाला राग आला. वडीलधाऱ्यांनी घातलेला नियम आहे, म्हणालो. पण रात्री झोप लागेना. मग भन्तेंकडे गेलो. भन्तेंनी विनयातली सोण कुटिकण्णाची हकीकत सांगितली. सोण हा अवंती देशाचा, महाकच्चान थेरांचा शिष्य. उपसंपदेला दहा भिक्खू लागत, आणि त्या लांबच्या मुलखात दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे गेली! सोण भगवंतांकडे आला तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर निरोप धाडला होता : आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत, जमीन काळी आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, तेव्हा नियमात काही सवलत मिळावी. तथागत रागावले नाहीत. सीमेकडील देशांत दहाच्या जागी विनयधरासह पाच भिक्खू पुरेत, जाड तळाची वहाण घालावी, वरचेवर आंघोळ करावी, अशी मोकळीक त्यांनी दिली. पण त्याच वेळी शीलाला मोकळीक दिली काय? नाही! पंचशील मध्यदेशात जे, तेच अवंतीत.

आणि महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी आनंदाला सांगितले होते की संघाची इच्छा असेल तर माझ्यामागे लहानसहान नियम काढून टाकावेत. पण लहान कोणते हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या संगीतीत भिक्खूंचे एकमत होईना; शेवटी काहीच काढायचे नाही आणि काहीच नवे घालायचे नाही असे ठरले. भन्ते म्हणाले, "उपासक, सांगाडा कोणता आणि धोटा कोणता, हे वेळीच विचारून ठेवावं." आमचाच दाखला त्यांनी आम्हाला परत दिला.

मग आम्ही रीतसर नोटीस काढली, खोलीखोलीत कागद फिरवला, सर्वसाधारण सभा बोलावली. 'अठरा वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुष सभासद' अशी दुरुस्ती मांडली. ती दोन तृतीयांशापेक्षा जास्त मतांनी मंजूर झाली. आक्का आज कार्यकारिणीवर आहेत, समोरच बसल्या आहेत. आक्का, त्या दिवसाबद्दल आम्ही सर्वांसमोर आपली माफी मागतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच सभेत एक दुसरी दुरुस्ती आली. वस्तीत अलीकडे भाड्याने राहायला आलेली कुटुंबे आहेत, काही आपल्या समाजाची, काही दुसऱ्या. एकाने मांडले, 'मूळ रहिवाशांनाच सभासद करावे, नाहीतर उद्या विहार हातचा जाईल.' आणि खरे सांगतो, हात भराभर वर गेले. बहुमत त्या बाजूला होते! तेव्हा पुतणीने नियमावलीचे पहिले पान वाचून दाखवले. आमच्या बापजाद्यांनी तिथे लिहून ठेवले होते की हे विहार जात, लिंग, प्रांत न बघता सर्व मानवांना खुले राहील. सभेत शांतता पसरली. ज्यांना गावच्या विहिरीवर 'तू इथला नाहीस' असे ऐकावे लागले, त्यांनीच ते शब्द उच्चारायचे? हात एकेक करून खाली आले.

त्या एका संध्याकाळी आम्ही जे शिकलो ते पुस्तकात सापडले नव्हते. दोन्ही बदलच होते. एकाने दार रुंद झाले, दुसऱ्याने अरुंद झाले असते. म्हणून कोणी 'घटना बदलू' म्हटले तर घाबरायचे नाही आणि भुलायचेही नाही. तीन प्रश्न विचारायचे. पहिला, हा बदल कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर काढतो? दुसरा, ज्याच्या ताटाला धक्का लागणार त्याला विचारले काय, त्याला वेळ दिला काय? तिसरा, उद्या हा बदल चुकला असे कळले तर परत फिरायची वाट मोकळी ठेवली आहे काय? तिन्हींची उत्तरे नीट आली तर बदलाला आपला हात वर. एक जरी अडले तर रस्त्यावर उतरायचे, मग सत्तेवर कोणीही असो.

कोणी आपल्याला टोमणा मारतात, 'तुमचे बाबासाहेबच राज्यसभेत म्हणाले होते, ही घटना मी जाळीन.' होय, २ सप्टेंबर १९५३ रोजी उद्वेगाने तसे म्हणाले. पण १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांनी खुलासाही केला : आपण देवासाठी मंदिर बांधले, पण देव बसण्याआधीच सैतानाने ते बळकावले, तर मंदिर पाडण्यावाचून काय करणार? म्हणजे राग इमारतीवर नव्हता, आत घुसणाऱ्यावर होता.

आणि शेवटची, आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटणारी गोष्ट. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की घटनेचे स्वरूप न बदलता, नुसता कारभार बदलूनही घटनेचा घात करता येतो. आमच्या आजोबांच्या काळात गिरणीच्या साचे खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. 'त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही कसा लावू' हे कारण. पगार साचे खात्यात जास्त, आपली माणसे मात्र रिंग खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उभा केला होता. असा नियम कुठे छापला होता काय? नव्हता. न लिहिलेला नियम लिहिलेल्यापेक्षा घट्ट होता! आजही तसेच. राखीव जागेचे कलम जागेवर आहे, पण कायम नोकरीच काढली नाही, सगळे काम कंत्राटदाराला दिले, तर कलमाला धरून बसायचे कुठे? अशा वेळी एक अक्षरही बदललेले नसते, आणि सगळे बदललेले असते. आपण पुस्तकावर पहारा देत राहतो, चोर मागच्या दाराने धान्य नेतो.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. एक, दर रविवारी वंदनेनंतर या विहारात घटनेचे एक कलम मराठीतून वाचावे आणि त्यावर मुलामुलींनी प्रश्न विचारावेत. दुसरे, २०१९ सालच्या १०४ व्या दुरुस्तीप्रमाणे राजकीय राखीव जागांची मुदत २५ जानेवारी २०३० रोजी संपते. त्या जागा ठेवायच्या, बदलायच्या की सोडायच्या, यावर आपल्यातही मतभेद आहेत. पण ठेवायच्या असतील तर 'घटना बदला' ही मागणी आपल्यालाच करावी लागेल! तोवर अभ्यास झाला पाहिजे. आयत्या वेळी नुसत्या घोषणा कामाला येत नाहीत.

ज्या घटनेने आपल्याला माणूस केले तिला देवी करू नका, तिचे कार्यकर्ते व्हा. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! जय भारत!